चपळ मोटार आणि वऱ्हाडची वाट

अमरावती आणि अकोला हीं वऱ्हाडांतील दोन प्रमुख शहरें एकमेकांपासून सुमारें १०० किलोमीटर अंतरावर आहेत. या दोहोंमधील येणेंजाणें फार जुनें. कापसाचा व्यापार, कोर्टाचीं कामें, मुलांचीं शिक्षणें, सोयरिका आणि लग्नकार्यें यांच्या निमित्तानें घराघरांतील कोणी ना कोणी या वाटेवर असतोच. पूर्वीं हा प्रवास बहुधा बडनेऱ्याहून आगगाडीनें होई, पुढें एस. टी. आली, आणि आतां ज्याच्या दारांत मोटार आहे तो किल्ली उचलतो व निघतो. परंतु मोटार घेणाऱ्यांतहि दोन जाती आहेत. कोणी ती नेण्याआणण्याचें साधन म्हणून घेतो, तर कोणी ती चालविण्याच्या आनंदासाठीं घेतो. या दुसऱ्या जातीच्या मालकाला आपल्या गाडीपासून नेमकें काय मिळतें, आणि त्यासाठीं त्याला काय जपावें लागतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ज्या लहान मोटारींना हॅचबॅक म्हणतात त्यांची ओळख सोपी आहे. त्यांना पाठीमागें सामानाची वेगळी पेटी नसते. छप्पर थेट मागील दारापर्यंत आलेलें असतें, आणि तें दार वर उचललें कीं आंतील सारी जागा मोकळी होते. शहरांतील अरुंद गल्ल्या आणि बेताचा खर्च यांकडे पाहून ही रचना लोकप्रिय झाली. अशा साध्या घरगुती गाडीला जोरकस एंजिन, घट्ट स्प्रिंगा आणि चांगले ब्रेक बसवून तिला चपळ करावें, ही कल्पना युरोपांत विशेष रुजली. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीनें १९७५ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत ‘गोल्फ जीटीआय’ ही गाडी मांडली व १९७६ पासून ती विकावयास काढली. वजन अवघें ८०० किलोंच्या आसपास आणि शक्ति ११० अश्वांची. सकाळीं मुलांना शाळेंत पोंचवावें आणि सुटीच्या दिवशीं डोंगरांतील वळणांवर मनसोक्त फिरावें, हीं दोन्हीं कामें एकाच गाडीला करतां येतात, हें तिनें दाखविलें. पुढें अनेक कंपन्यांनीं तिचें अनुकरण केलें.

भारतांत लहान गाडीचें नवें युग १९८३ च्या डिसेंबरांत ‘मारुति ८००’ बरोबर सुरू झालें. परंतु येथें गाडीचा पहिला गुण म्हणजे काटकसर, असाच समज दीर्घकाळ राहिला. २००६ च्या अर्थसंकल्पानें ४ मीटरांपर्यंत लांबीच्या आणि १,२०० घन सेंटिमीटरांपर्यंतच्या पेट्रोल एंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क कमी केलें, आणि त्या मापांत बसणाऱ्या गाड्यांची एकच गर्दी झाली. त्याच मापांत राहून एखादी गाडी चपळ कशी करावी, हा कारागिरीचा प्रश्न होता. पुण्याजवळ चाकण येथें फोक्सवॅगनच्या कारखान्याचें उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजीं झालें. तेथें तयार होणाऱ्या ‘पोलो’ गाडीचा ‘जीटी टीएसआय’ हा प्रकार २०१३ सालीं बाजारांत आला. एंजिन १,१९७ घन सेंटिमीटरांचें, शक्ति १०५ अश्वांची, आणि गिअर सात, तेहि आपोआप बदलणारे. जागच्या जागीं उभी असलेली ही गाडी ९.७ सेकंदांत ताशीं १०० किलोमीटरांचा वेग गांठते, असा कंपनीचा दावा होता. महाराष्ट्रांतच बनलेली ही गाडी वऱ्हाडांतहि आली, आणि तिच्या मालकांची एक हौशी मंडळी तयार झाली.

अशा एका मालकाचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. त्याचें घर अमरावतीस, बहिणीचें सासर अकोल्यास. २०१४ सालीं त्यानें ही गाडी घेतली तेव्हां घरांत आई, पत्नी आणि नुकताच शाळेंत जाऊं लागलेला मुलगा अशी माणसें होतीं. तेवढ्याच पैशांत याहून मोठी, ऐसपैस गाडी येते, हें शेजाऱ्यांनीं त्याला पुनःपुन्हां सांगितलें होतें, आणि तें खोटें नव्हतें. मागील आसनावर तिघे बसले कीं खांद्याला खांदा लागे. दिवाळीच्या फराळाचे डबे आणि बहिणीसाठीं घेतलेलें सामान पायांशीं ठेवावें लागे. तरीहि त्यानें हीच गाडी घेतली. घरांतील प्रत्येक खरेदी गरजेच्या तराजूंत तोलणाऱ्या त्या माणसानें एकदांच कांय ती हौस केली होती, आणि म्हणून ती निभावून नेण्याची जबाबदारीहि त्याला विशेष वाटत असे.

पहिल्या दिवसापासून त्याच्या लक्षांत आलें तें गाडीचें आज्ञापालन. राजकमल चौकांतून राजापेठेवरून बडनेऱ्याकडे निघावें, तर वाटेंत सायकली, ऑटोरिक्षा, हातगाड्या आणि मध्येंच वळणाऱ्या दुचाक्या. अशा गर्दींत मोठ्या एंजिनाचा कांहीं उपयोग नसतो. उपयोग असतो तो हलक्या स्टिअरिंगचा, चारी कोपऱ्यांचा अंदाज देणाऱ्या आटोपशीर अंगाचा आणि पायाच्या लहानशा दाबानेंहि जागें होणाऱ्या ब्रेकांचा. मोठी गाडी चालवितांना माणूस तिला सांभाळीत असतो. ही गाडी आपल्या अंगावर चढविलेल्या सदऱ्यासारखी वाटते, असें तो म्हणे. मात्र रखडत चालणाऱ्या वर्दळींत तिची गिअरपेटी थोडी अडखळे. दोन क्लचांवर चालणारी ती यंत्रणा वेगानें जातांना गिअर इतक्या सफाईनें बदलते कीं कांहीं कळतहि नाहीं. पण दर दोन हातांवर थांबावें आणि निघावें लागलें कीं ती कुरकुर करते. चपळ जनावराला ओझ्याच्या बैलाची चाल जमत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

बडनेरें मागें पडलें कीं गाडीचा खरा स्वभाव दिसूं लागतो. या एंजिनाला टर्बो म्हणून एक जोड आहे. धुराड्यावाटे बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंच्या रेट्यानें एक लहान चाक फिरतें. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकाला असलेलें चाक बाहेरची हवा दाबून एंजिनांत ढकलतें. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जळतें, आणि लहानशा एंजिनांतून मोठ्या एंजिनाची ताकद निघते. जी उष्णता वायां जावयाची तिच्याकडून थोडें काम करून घेण्याची ही युक्ति आहे. तिचा विशेष फायदा असा कीं, एंजिन मिनिटाला सुमारें १,५०० फेरे घेऊं लागलें कीं चाकें फिरविण्याचा त्याचा पूर्ण जोर, म्हणजे १७५ न्यूटन-मीटर, हातीं येतो. पुढें सरकीच्या ढेपेनें भरलेला ट्रक संथपणें चालला आहे, समोर रस्ता मोकळा आहे, आणि पाय किंचित् दाबतांच गाडी ट्रकाला मागें टाकून आपल्या जागीं परत येते. ट्रकाच्या बाजूनें जाण्याचा धोक्याचा वेळ जितका कमी, तितका प्रवास सुरक्षित. तेव्हां ही शक्ति केवळ मिरविण्याची नसून, योग्य वेळीं वापरल्यास ती संकट टाळणारीहि आहे. मात्र ‘योग्य वेळीं’ या शब्दांवर सारा भार आहे.

गाडीइतकीच रस्त्याचीहि गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्याला पूर्वीं राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत आणि आतां ५३ म्हणतात, तो हा मार्ग सुरतेच्या बाजूनें येऊन धुळें, अकोला, अमरावती, नागपूर असा पूर्वेकडे जातो. वऱ्हाडच्या ज्या काळ्या मातीनें येथील कापूस पिकविला, तीच माती रस्त्याची वैरीण आहे. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत सुकून भेगाळते. शेतांत उभ्या भेगा पडतात तशी हालचाल रस्त्याच्या पोटांतहि चालूं असते. वरचें डांबर कितीहि गुळगुळीत असलें तरी खालची जमीन फुगली किंवा बसली कीं रस्त्याला लाटा येतात. म्हणून या भागांत खालच्या थरांची भक्कम बांधणी आणि पाण्याचा निचरा यांवरच रस्त्याचें आयुष्य ठरतें. हा मार्ग अनेक वर्षें खड्ड्यांसाठींच प्रसिद्ध होता. अशा रस्त्यावर घट्ट स्प्रिंगांची गाडी म्हणजे मणक्यांची परीक्षा. मालकाची आई त्या दिवसांत अकोल्यास पोंचल्यावर प्रथम पाठीला तेल लावून घेई.

पुढें चौपदरी मार्गाचें काम जोरानें निघालें. त्यांत एक विक्रम झाला तो साऱ्या देशांत गाजला. ३ जून २०२२ रोजीं सकाळीं ७ वाजून २७ मिनिटांनीं अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान डांबरी थर टाकण्यास आरंभ झाला, आणि ७ जून रोजीं सायंकाळीं ५ वाजतां तो थांबला. त्या १०५ तास ३३ मिनिटांत एका पदराच्या मापानें सलग ७५ किलोमीटर रस्त्यावर थर पडला. दोन पदरी रस्त्याच्या हिशेबानें ही लांबी साडेसदतीस किलोमीटर होते. पुण्याच्या राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीचे ७२० कामगार रात्रंदिवस राबत होते. २,०७० टन डांबर घातलेलें ३६,६३४ टन मिश्रण त्यांनीं पसरलें, आणि तें जूनच्या आरंभींच्या वऱ्हाडी उन्हांत! यापूर्वींचा विक्रम कतार देशांत दोहा येथें २०१९ सालीं झालेला २५.२७५ किलोमीटरांचा होता, आणि त्यास दहा दिवस लागले होते. गिनीज बुकांत अमरावती-अकोल्याचें नांव लागलें याचा आनंद या दोन शहरांतील माणसांना झाला, हें साहजिकच आहे. कारण ज्या रस्त्याची आपण थट्टा ऐकत आलों, त्याच रस्त्याचें कौतुक परमुलखांतून ऐकावयास मिळालें.

नव्या रस्त्यावर तीच गाडी जणूं दुसरी झाली. जे घट्ट स्प्रिंग खड्ड्यांत शिक्षा वाटत, तेच सपाट रस्त्यावर आधार वाटूं लागले. ताशीं ८० किंवा ९० च्या वेगानें जातांना गाडी जमिनीला चिकटून चालते. वाऱ्याचा झोत बाजूनें आला तरी हेलपाटत नाहीं. स्टिअरिंगमधून रस्त्याची जात हाताला कळते. कपाशीचीं आणि तुरीचीं शेतें दोहों बाजूंनीं मागें सरकतात, काटेपूर्णेचा पूल येतो आणि जातो. मालकाला विचारलें तर तो वेगाचा आंकडा सांगत नसे. तो म्हणे, “हात सांगेल तेथें गाडी जाते, आणि डोकें शांत राहतें.” चालविण्याचा आनंद म्हणतात तो बहुधा हाच असावा. चांगल्या वाद्याला बोट लागतांच स्वर यावा, तसा इच्छा आणि कृति यांमधील विलंब येथें नाहींसा होतो.

परंतु वऱ्हाडचा उन्हाळा कोणत्याहि यंत्राची रग जिरवितो. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरांत जाणें नवलाचें नाहीं. टर्बोनें दाबलेली हवा आधींच तापते; ती थंड करून एंजिनांत सोडावी लागते. बाहेरचीच हवा भट्टींतून आल्यासारखी असली म्हणजे ती पुरेशी थंड होत नाहीं, विरळ राहते, आणि एंजिनाचा जोर थोडा उतरतो. त्यांत वातानुकूलनाचा भार. हिवाळ्यांतील पहाटे जी गाडी हरणासारखी उडते, तीच दुपारीं दोन वाजतां जरा जडावलेली वाटते. टायरांचीहि तीच गोष्ट आहे. तापमान ५ ते ६ अंशांनीं वाढलें कीं आंतील दाब सुमारें एका पौंडानें वाढतो. म्हणून हवा नेहमीं सकाळीं, टायर थंड असतांना मोजावी, आणि ती सांगितलेल्या प्रमाणांतच ठेवावी. उन्हाळा आहे म्हणून हवा कमी भरणें ही पुष्कळांची समजूत उलटी आहे. कमी हवेचा टायर फिरतांना अधिक दबतो, अधिक तापतो, आणि फुटण्याचा संभव त्यामुळेंच वाढतो. मालक दर पंधरवड्यास हा दाब स्वतः पाहत असे, आणि लहान मुलगा मापकाचा कांटा वाचून दाखवीत असे.

वाटेंत मूर्तिजापूर लागतें. येथून एकेकाळीं अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून एक लहानशी आगगाडी एका बाजूस यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूस अचलपूर येथवर जात असे. लोक तिला प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणत. कापूस नेण्यासाठीं बांधलेल्या या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेचें एंजिन धांवत होतें. तिच्या संथ चालीचे अनेक विनोद वऱ्हाडांत प्रचलित आहेत. धांवत्या गाडींतून उतरून पुन्हां चढतां येतें, असें लोक हंसत हंसत सांगत. आतां ती बंद आहे. त्याच गांवाजवळून आज मोटारी ताशीं शंभराच्या वेगानें जातात. परंतु त्या रस्त्याच्या कडेला राहणारा माणूस तोच आहे. बैलगाडी शेतांतून रस्त्यावर येते. कापसानें शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टराच्या मागें तांबडा दिवा नसतो. दुभाजकाच्या फटींतून दुचाकी अकस्मात् पुढें येते. लांबचा फेरा चुकविण्यासाठीं कोणी उलट बाजूनें चालत येतो. रस्ता नवा झाला, तरी त्यावरील संवयी एका रात्रींत नव्या होत नाहींत. चपळ गाडीच्या मालकाला खरी कसोटी येथेंच द्यावी लागते.

या कसोटीचें गणित अगदीं साधें आहे, पण तें फार थोडे लोक मांडून पाहतात. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाहि सुमारें एक सेकंद लागतो. ताशीं ६० च्या वेगानें त्या सेकंदांत गाडी १७ मीटर जाते, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर पुढें थांबण्यास सुमारें २० मीटर लागतात, एकूण ३७. ताशीं १०० च्या वेगानें हे आंकडे २८ आणि ५५ होतात, एकूण ८३. ताशीं १२० च्या वेगानें ३३ आणि ७९, एकूण ११२. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यानंतरचें अंतर चौपट होतें, हा निसर्गाचा नियम आहे. तेथें कोणत्याहि कंपनीची कारागिरी चालत नाहीं. याचा अर्थ असा कीं, ज्या जागीं ताशीं १०० नें येणारी गाडी पूर्ण थांबते, त्याच जागीं ताशीं १२० नें येणारी गाडी अजून सत्तराहून अधिक वेगानें पुढें जात असते. एकीच्या पुढें उभा असलेला बैल वाचतो, दुसरीच्या पुढचा वाचत नाहीं. आणि गाडींतील माणसेंहि कदाचित् वाचत नाहींत. आतां या वाढीव वेगानें मिळतें काय? सारा रस्ता मोकळा आहे असें मानलें तरी १०० किलोमीटरांत दहा मिनिटें वांचतात. प्रत्यक्षांत गांवें, वळणें आणि टोलनाकीं वजा जातां तींहि पुरतीं हातीं लागत नाहींत.

समृद्धी महामार्गावर तरी हा प्रश्न सुटला असेल, असें कोणास वाटेल. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. अमरावती आणि वाशिम जिल्ह्यांतून जाणाऱ्या या मार्गावर मोटारींस ताशीं १२० ची मुभा देण्यांत आली. तेथें बैलगाडी नाहीं, चौक नाहीं, उलट येणारी वाहनें नाहींत. पण सरळ, एकसुरी रस्ता डोळ्यांवर झांपड आणतो, आणि सिमेंटच्या तापलेल्या पृष्ठावर जुने किंवा कमी हवेचे टायर टिकत नाहींत. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ एका खाजगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी मरण पावले. ही घटना वऱ्हाडांतील माणूस विसरलेला नाहीं. मालकालाहि त्या मार्गावर वेळेखेरीज कांहीं मिळालें नाहीं. जेथें वळण नाहीं तेथें चपळतेला काम नाहीं.

चपळतेला काम मिळतें तें चिखलदऱ्याच्या घाटांत. अमरावतीहून परतवाड्यावरून सातपुड्याच्या कुशींत शिरलें कीं रस्ता वर चढूं लागतो, आणि सुमारें १,१०० मीटर उंचीवरील त्या थंड हवेच्या ठिकाणापर्यंत वळणामागून वळण येत राहतें. येथें वेग ताशीं ३० किंवा ४० च्या पुढें क्वचितच जातो. पण वळणापूर्वीं ब्रेक, वळणांत स्थिर पाय आणि वळण सरतांच हलकासा जोर, या तालांत गाडी आणि माणूस असे एकरूप होतात कीं सपाट रस्त्यावरील शंभराचा वेग त्यापुढें फिका वाटावा. अर्थात् हा मेळघाटचा मुलूख आहे. १९७० नंतरच्या दशकापासून येथें व्याघ्रप्रकल्प आहे. वळणापलीकडे सांबर किंवा गवा उभा असणें अशक्य नाहीं, आणि कोरकू वस्त्यांतील मुलेंहि याच रस्त्यानें चालतात. तेव्हां दिसेल तेवढ्या अंतरांत थांबतां येईल इतकाच वेग, हा नियम येथें शोभेचा नसून निकडीचा आहे. चपळ गाडीचा निखळ आनंद माफक वेगांतहि मिळतो, हें घाटानें मालकाला शिकविलें.

आईनें त्याला आणखी एक गोष्ट शिकविली. एकदां नव्या रस्त्यावर कांटा शंभराच्या पुढें सरकला, तेव्हां मागील आसनावरून ती म्हणाली, “हयू चालव ना बाप्पा, आपल्याले कोनाच्या मागं लागाचं हाय?” तिला कांटा दिसत नव्हता, पण झाडें किती वेगानें मागें जात आहेत हें दिसत होतें. त्यानंतर मालकानें मागील आसनावर बसणाऱ्यांनाहि पट्टा बांधण्याची संवय लावली. आईनें प्रथम कुरकुर केली, मग तीच नातवाला पट्ट्याची आठवण करून देऊं लागली. २०१४ च्या जानेवारींत ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेनें भारतीय गाड्यांच्या टकरींच्या परीक्षेचे निकाल जाहीर केले होते. त्यांत हवेच्या पिशव्या नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, आणि दोन पिशव्या असलेल्या त्याच गाडीला चार. लोखंड तेंच, आकार तोच. फरक पडला तो मनुष्याला झेलणाऱ्या साधनाचा. पट्टा न बांधणाऱ्याला मात्र ती पिशवीहि पुरतें साहाय्य करूं शकत नाहीं.

२०२२ सालीं पोलोचें भारतांतील उत्पादन बंद झालें. तिच्या जागीं चपळ हॅचबॅकची हौस भागविणाऱ्या दुसऱ्या गाड्या आल्या. २०२१ मध्यें ह्युंदाईची ‘आय-२० एन लाइन’ आणि २०२४ मध्यें टाटांची ‘अल्ट्रोझ रेसर’, दोन्ही १२० अश्वांच्या. परंतु बाजार उंच, थोराड गाड्यांकडे वळला, आणि रस्त्यावर जमिनीलगत चालणारी लहान गाडी पाहतां पाहतां विरळ होत चालली. मालकालाहि ती विकून टाकण्याचा सल्ला अनेकांनीं दिला. सुट्या भागांची चिंता होतीच. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं नव्यानें करून घ्यावी लागते, तोहि दिवस दूर नव्हता. तरीहि विक्रीचा विचार त्यानें लांबणीवर टाकला. कारण त्याच्यापुढें याहून मोठा प्रश्न उभा राहिला होता. मापकाचा कांटा वाचून दाखविणारा मुलगा आतां अठरा वर्षांचा झाला होता.

मुलगा सोळा वर्षांचा असतांनाच त्यानें किल्ली मागितली होती. “बाबा, कॉलनीतल्या कॉलनीत एकच चक्कर,” असा त्याचा आग्रह होता. मित्रांचे वडील देत होते, हेंहि त्यानें ऐकविलें होतें. वडिलांनीं नकार दिला तो केवळ कायद्याच्या भीतीनें नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हातीं वाहन देणाऱ्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊं शकतो, व वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, हें त्याला ठाऊक होतें. परंतु त्याला अधिक भय होतें तें गाडीच्या गुणांचेंच. जी गाडी पायाच्या इशाऱ्यानें धांवते, ती अजाण पायाच्या इशाऱ्यानेंहि धांवते. बापाच्या हातीं जें आज्ञापालन सुखाचें, तेंच मुलाच्या हातीं घाताचें होऊं शकतें. मंद गाडी नवशिक्याची चूक थोडी सावरून घेते. चपळ गाडी ती चूक तत्काळ मोठी करून दाखविते.

रीतसर शिकाऊ परवाना हातीं आल्यावर त्यानें मुलाला शिकविण्याचें काम स्वतःकडे घेतलें, आणि क्रम उलटा लावला. वेग कसा घ्यावा हें त्यानें सांगितलेंच नाहीं. तें गाडी आपणच शिकविते. पहिले कांहीं रविवार मोकळ्या मैदानांत केवळ थांबण्यांत गेले. ताशीं ३० नें येऊन खडूच्या रेघेवर थांबावयाचें, मग ४० नें. कितीदां तरी गाडी रेघेपलीकडे गेली. प्रत्येक वेळीं बापलेक खालीं उतरून पावलांनीं अंतर मोजीत. वरील आंकड्यांचें गणित मुलानें कागदावर सोडविलें होतें, पण रेघेपलीकडे पडलेलीं आपलीं पावलें मोजतांना तें त्याच्या अंगांत उतरलें. त्यानंतर बडनेरा रस्ता, तोहि पहाटेचा. मग दुपारची वर्दळ. आणि पक्का परवाना मिळाल्यावर सर्वांच्या शेवटीं महामार्ग.

त्या पहिल्या फेरींत मूर्तिजापुराच्या अलीकडे कापसाचा एक ट्रॅक्टर आडवा आला. उजवीकडील पदरांतून मोठी वाहनें येत होतीं. एंजिनांत शक्ति होती, पायाखालीं ती तयार होती, आणि शेजारीं बसलेला बाप एक शब्द बोलला नाहीं. मुलानें वेग कमी केला, ट्रॅक्टरामागून दोन-तीन मिनिटें ताशीं २५ नें गाडी नेली, आरशांत पाहिलें, रस्ता मोकळा झाल्यावर इशारा दिला आणि मग तो शांतपणें पुढें गेला. गाडीच्या १०५ अश्वांचा उपयोग त्या वेळीं पांच सेकंदांचा होता. बाकी सारा वेळ उपयोगी पडला तो धीर.

आतां अकोल्याच्या वाऱ्या बहुधा मुलगाच करतो. वडील शेजारीं बसतात, कधीं कधीं डुलकीहि घेतात. अकोल्याची आत्या पूर्वीं भावाला फोनवर विचारीत असे, “किती वाजतां पोंचशील?” भाच्याला मात्र ती तसें विचारीत नाहीं. निघतांना एकदां कळव, एवढेंच सांगते, आणि स्वयंपाक तो दारांत आल्यावरच वाढावयास घेते.